एका नावेतले आठ जण : संघाची एकजूट, खेळ आणि आपला मूड

सामना जिंकल्यावर कप्तानासमोर माईक धरला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमची टीम म्हणजे एक कुटुंब आहे." तीच टीम पुढचे चार सामने हरली की बातमी येते, ड्रेसिंग रूममध्ये म्हणे आधीपासूनच धुसफूस होती. जिंकले तर एकीमुळे, हरले तर बेकीमुळे. आपणही मान डोलावतो, कारण 'एकी हेच बळ' हे शाळेच्या भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो.

पण थोडं थांबून विचार करा. एकी होती म्हणून टीम जिंकली, की जिंकली म्हणून एकी वाटायला लागली? संघातल्या सगळ्यांचं एकमेकांशी पटायलाच हवं का? आणि या एकजुटीचा खेळाडूच्या मनावर, त्याच्या मूडवर नेमका काय परिणाम होतो?

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, मला शुगर आहे, गुडघे कुरकुरतात. मला ऑलिंपिकचं काय सांगताय?" संबंध आहे. "रोज अर्धा तास चाला" हा सल्ला प्रत्येक डॉक्टर दिवसातून कितीतरी वेळा देतो. समोरचा माणूस मनापासून हो म्हणतो, आणि बरेच जण पंधरा दिवसांत गळतात. जे टिकतात त्यांना विचारलं तर पुष्कळदा कळतं, की ते कोणाच्या तरी सोबतीने चालतात. सोबतीत असं काय असतं, जे गोळीत नसतं?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न जवळपास दीडशे वर्षं चालू आहे. गंमत म्हणजे त्यातले बरेच धागे एकाच खेळाशी येऊन जुळतात, तो म्हणजे नौकानयन, अर्थात रोइंग. त्याला कारणही आहे. आठ जणांच्या नावेत प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं असतं. सगळ्यांना एकाच क्षणी तीच हालचाल करावी लागते. त्यात कोणी शतक ठोकत नाही की कोणी हॅटट्रिक घेत नाही. नाव पुढे गेली तर सगळ्यांची, मागे राहिली तरी सगळ्यांची. एकजूट म्हणजे काय, हे तपासायला याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

दोर ओढणारे विद्यार्थी

गोष्ट सुरू होते मात्र पाण्यात नाही, जमिनीवर. साल १८८२ ते १८८७, देश फ्रान्स. मॅक्स रिंगेलमान हा शेतीच्या यंत्रांचा अभियंता. बैल, घोडे, माणसं आणि यंत्रं यांच्याकडून जास्तीत जास्त काम कसं करून घेता येईल, हा त्याचा विषय. त्याने विद्यार्थ्यांना एक दोर ओढायला लावला आणि दोराला ताकद मोजणारं यंत्र जोडलं. आधी एकेकट्याने, मग घोळक्याने.

एकटा माणूस सरासरी सुमारे ८५ किलोच्या जोराने ओढत होता. सात जण एकत्र ओढायला लागले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर ६५ किलोवर आला. चौदा जण झाले तेव्हा तो ६१ किलोच्या आसपास उतरला. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दरडोई ताकद घटली.

रिंगेलमानला वाटलं, याचं मुख्य कारण ताळमेळ नसणं हे असावं. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून जोर वाया जातो. पण त्याच्या नजरेतून दुसरी गोष्टही सुटली नव्हती. पिठाच्या गिरणीचा दांडा फिरवणारे कैदी त्याने पाहिले होते. शेजारचा लावेलच जोर, या भरवशावर प्रत्येक जण स्वतः कमी जोर लावत होता. हे सगळं त्याने १९१३ मध्ये छापलं.

ताळमेळ की आळस, याचा निकाल पुढे साठ वर्षांनी लागला. १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या सर्वांत पुढच्या जागी उभं केलं. मागे इतर लोक होते, पण ते ओढण्याचं नुसतं नाटक करत होते. म्हणजे ताळमेळ बिघडायला कोणी नव्हतंच. तरीही, "आपल्या मागे आणखी दोघं-तिघं ओढताहेत" असं वाटलं की माणूस कमी जोर लावायचा. १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी हेच टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून दाखवलं.

आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, अंगचोरी. पण 'लोक मुळातच आळशी असतात' असा याचा अर्थ काढू नका. याच संशोधकांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. तुमचा स्वतःचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे, असं लोकांना सांगितलं की ही अंगचोरी नाहीशी होते. म्हणजे दोष गर्दीचा नव्हता. आपण लावलेला जोर कोणाच्या लक्षातच येणार नाही, ही भावना माणसाला ढिला करत होती. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याचाच उपयोग आहे.

बर्लिनच्या क्लबातला जड बार

आता पहिल्यांदा नावेकडे येऊ. १९२०च्या दशकात जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर याने बर्लिनमधल्या एका रोइंग क्लबच्या सदस्यांवर प्रयोग केले. प्रत्येकाने ४१ किलोचा बार हाताने वर उचलायचा आणि खाली आणायचा, थकून हात गळेपर्यंत. मग त्याने दोघांना मिळून ८२ किलोचा बार दिला. एकाने हात टेकले की खेळ संपला, कारण दुसऱ्याला एवढं वजन एकट्याने पेलणं शक्यच नव्हतं.

रिंगेलमानच्या हिशेबाने जोडी ढिली पडायला हवी होती. झालं उलटंच. जोडीतला जो कमी ताकदीचा होता, तो एकट्याने जितका टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. सर्वांत जास्त फायदा कधी झाला? दोघांच्या ताकदीत थोडा फरक होता तेव्हा. फरक अजिबात नसला तर चुरस नव्हती, आणि फारच मोठा असला तर कमकुवत माणूस आधीच आशा सोडत होता.

रिंगेलमानच्या दोरावर 'मी नसलो तरी चालेल' अशी स्थिती होती. कोहलरच्या बारवर 'मी सोडलं तर सगळं संपेल' अशी. माणसं तशीच, शरीरं तशीच. फरक होता तो आपल्या वाट्याच्या किमतीत.

हे प्रयोग पुढे बराच काळ विस्मरणात गेले. अलीकडे ते पुन्हा वर आले आणि थेट व्यायामाला लागू केले गेले. अमेरिकेत डेबोरा फेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना प्लँक प्रकारचे व्यायाम करायला लावले. पडद्यावर त्यांना स्वतःपेक्षा थोडा सरस असा जोडीदार दिसत होता. अशा जोडीदारासोबत लोक एकट्यापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त वेळ टिकले.

भांडणारी सोनेरी नाव

आता या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रोम ऑलिंपिक, १९६०. नौकानयनाच्या शर्यती रोमजवळच्या अल्बानो सरोवरात होत्या. आठ जणांच्या नावेचं सुवर्णपदक अमेरिकेने १९२० पासून १९५६ पर्यंत एकदाही सोडलं नव्हतं. सलग आठ ऑलिंपिक! त्या वर्षी मात्र जर्मनीच्या नावेने ते हिसकावलं. कॅनडा दुसरा, चेकोस्लोव्हाकिया तिसरा, आणि अमेरिका पहिल्या तिघांतही नाही.

या जर्मन नावेचा प्रशिक्षक होता कार्ल आडाम, रात्सेबुर्ग गावातला शाळामास्तर. त्याची स्वतःची कारकीर्द बॉक्सिंगमधली होती. आणि नावेतल्या आठ जणांपैकी एकाचं नाव होतं हान्स लेंक. हा लेंक पुढे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. ज्या नावेत तो स्वतः बसला होता, तिचाच त्याने अभ्यास केला.

सगळ्यांना वाटत होतं, इतकी एका लयीत चालणारी नाव म्हणजे आठ जिवलग मित्र असणार. लेंकने लिहिलं ते वेगळंच होतं. ही नाव दोन क्लबांतून जमवलेली होती, कील आणि रात्सेबुर्ग. नावेत सरळसरळ दोन गट पडलेले होते. ताण इतका वाढायचा की संघ फुटतो की काय अशी वेळ यायची. तरीही त्याच काळात त्यांची कामगिरी सुधारत गेली आणि शेवटी सोनं मिळालं. १९६२ मध्ये विश्वविजेती ठरलेली जर्मनीची नावही अशीच भांडणाने भरलेली होती. लेंकने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाचा रोख स्पष्ट होता : आतून संघर्ष असूनही सर्वोच्च कामगिरी होऊ शकते.

त्या काळी हे धक्कादायक होतं. एकजूट म्हणजे माणसांना गटात धरून ठेवणारी ओढ, असं समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि या ओढीत मैत्रीचा वाटा मोठा मानला जाई. लेंकच्या नावेत मैत्री कमी होती, पण ओढ जबरदस्त होती. ती ओढ होती कामाची.

एकजूट एक नाही, दोन

पुढच्या काही वर्षांत संशोधक बुचकळ्यातच पडले. १९७१ मध्ये रेनर मार्टेन्स आणि जेम्स पीटरसन यांनी कॉलेजातल्या हजाराहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास केला. 'तुमचं एकमेकांशी किती पटतं' या प्रश्नाच्या उत्तराचा जिंकण्याशी फारसा संबंध दिसेना. पण 'एकत्र खेळणं किती चांगलं जमतं' आणि 'या संघात असण्याची तुम्हाला किती किंमत वाटते' या उत्तरांचा संबंध दिसला. १९७४ मध्ये बोलिंग या खेळाच्या संघांत तर उलटाच निकाल आला. जास्त यशस्वी संघांत एकजूट कमी होती. अर्थात बोलिंगमध्ये प्रत्येक जण आपापला चेंडू टाकतो आणि शेवटी बेरीज होते. तिथे आपसातली चुरस उपयोगी पडत असणार.

हा गुंता कॅनडातल्या आल्बर्ट कॅरन, नील विडमायर आणि लॉरेन्स ब्रॉली यांनी सोडवला. १९८५ मध्ये त्यांनी १८ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या मुळाशी एक साधी फोड होती. एक असते कामाची एकजूट : आपल्या सगळ्यांचं ध्येय एक आहे, कोणी काय करायचं हे ठरलेलं आहे, आणि चूक झाली तर ती सगळ्यांची आहे. दुसरी असते स्नेहाची एकजूट : सामना संपल्यावरही एकत्र चहा प्यावासा वाटतो, एकमेकांच्या घरी जाणं-येणं असतं.

आता लेंकच्या नावेकडे पुन्हा पाहा. स्नेहाची एकजूट कमी, कामाची भक्कम. कोडं सुटलं. आपल्याकडचे शब्द वापरायचे तर पंगतीला शेजारी बसणारे वेगळे आणि गाडा ओढताना शेजारी असणारे वेगळे. दोन्ही एकाच माणसात भेटले तर उत्तम, पण दोन्ही एकच आहेत असं समजू नये.

आधी एकी की आधी विजय?

सुरुवातीचा प्रश्न अजून बाकी आहे. १९९४ मध्ये ब्रायन मुलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी ४९ अभ्यास एकत्र करून तपासले. एकजूट आणि कामगिरी यांचा संबंध खरा निघाला, पण लहान. त्यातही जोर होता तो कामाविषयीच्या बांधिलकीत, नुसत्या आवडण्यात नाही. आणि दिशा? एकीमुळे यश येतं, त्यापेक्षा यशामुळे एकी येते हा धागा जास्त मजबूत दिसला. म्हणजे कप्तान माईकसमोर जे बोलतो, त्यातलं बरंचसं विजयानंतरचं असतं!

२००२ मध्ये कॅरन आणि सहकाऱ्यांनी फक्त खेळांतले ४६ अभ्यास घेतले. खेळात हा संबंध अधिक ठळक निघाला, आणि स्नेहाची एकजूटही उपयोगी दिसली. महिलांच्या संघांत हा संबंध पुरुषांच्या संघांपेक्षा जास्त होता. एकी आणि यश ही एकमेकांना पाणी घालणारी रोपं आहेत, असं आज साधारण मानलं जातं. म्हणून मुलांच्या संघाला सुरुवातीला छोटी, जमण्यासारखी लक्ष्यं द्यावीत. छोटा विजय आला की एकी आपोआप थोडी वाढते.

आता मूडचं बघू

इथपर्यंत जिंकण्या-हरण्याचा हिशेब झाला. डॉक्टर म्हणून मला दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो : खेळणाऱ्याचं मन कसं राहतं?

१९७१ मध्ये अमेरिकेत मनःस्थिती मोजण्याची एक प्रश्नावली आली. तिच्यात सहा गोष्टी मोजल्या जातात : ताण, उदासी, राग, उत्साह, थकवा आणि मनाचा गोंधळ. विल्यम मॉर्गन या संशोधकाने ती धावपटू, कुस्तीगीर आणि नौकानयनपटूंना भरायला दिली. चांगल्या खेळाडूंच्या आलेखात उत्साह सरासरीच्या वर डोकं काढायचा आणि बाकीच्या पाच गोष्टी खाली राहायच्या. पाण्यातून वर आलेल्या हिमनगासारखा आकार! म्हणून त्याला 'हिमनग आलेख' हे नाव पडलं.

२००० साली पीटर टेरी, कॅरन आणि सहकाऱ्यांनी एकजुटीची प्रश्नावली आणि मूडची प्रश्नावली एकत्र आणली. रग्बी, रोइंग आणि नेटबॉल या तीन खेळांतले चारशेहून अधिक खेळाडू घेतले. ज्यांना आपला संघ एकजूट वाटत होता, त्यांच्यात उत्साह जास्त आणि उदासी, राग, ताण कमी आढळला. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. उदास माणसाला संघही परका वाटू शकतो. पण दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, एवढं नक्की.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर टॉटरडेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो क्रिकेटवेड्या आपल्याला जवळचा वाटेल. चार दिवसांच्या सामन्यात दोन्ही संघांतल्या व्यावसायिक खेळाडूंना खिशात मावणारे छोटे कॉम्प्युटर दिले होते. दिवसातून तीन वेळा आपला मूड आणि आपली कामगिरी त्यात नोंदवायची. एखाद्या खेळाडूचा आनंद त्याच्या सहकाऱ्यांच्या आनंदासोबत वर-खाली होत होता, आणि त्यासोबत आपण कसं खेळतोय याविषयीचं त्याचं मतही. सामन्याची स्थिती चांगली की वाईट, हा भाग वजा केला तरी हा संबंध उरत होता. म्हणजे सर्दीसारखा मूडही एकमेकांना लागतो.

हे शरीरात कसं घडत असेल? याचा एक सुगावा पुन्हा नावेतूनच मिळाला. ऑक्सफर्डमध्ये एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या १२ नौकानयनपटूंना रोइंग मशीनवर ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला. कधी एकेकट्याने, कधी एकत्र, एका लयीत. आधी आणि नंतर त्यांच्या दंडावर बीपी मोजायचा पट्टा आवळून वेदना कधी सुरू होते ते पाहिलं. मेहनत दोन्ही वेळा सारखीच होती. पण एकत्र व्यायामानंतर वेदना सहन करण्याची मर्यादा जास्त वाढली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं यामागे असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. ती रक्तात मोजलेली नव्हती, आणि बारा माणसं म्हणजे लहान अभ्यास. पण भजनात, लेझीमीत किंवा ढोलपथकात तासन्तास उभं राहूनही थकवा जाणवत नाही, याचा अनुभव घेतलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

मोठ्या आकड्यांकडेही पाहू. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. 'गेल्या महिन्यात किती दिवस मन ठीक नव्हतं?' हा त्यातला प्रश्न. व्यायाम करणाऱ्यांत असे दिवस कमी होते, आणि सर्व प्रकारांत सांघिक खेळ खेळणाऱ्यांत हा फरक सर्वांत मोठा होता, सुमारे २२ टक्के. सायकलिंग आणि जिम त्याच्या अगदी जवळ होते. इथेही फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आधीपासून मन बरं असलेली माणसंच खेळायला जात असतील, हीही शक्यता असते.

एकट्याची नाव आणि चौघांची नाव

आपल्या मातीतलं एक उदाहरण. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खणण्याचं काम केलेला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई खेळांत, इंडोनेशियातल्या पालेम्बांगला, तब्येत बरी नसताना तो एकट्याच्या शर्यतीत अंतिम फेरीत शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक जिंकलं.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही. चौघंही वर्षानुवर्षं मेहनत घेतलेले खेळाडू होते. पण बर्लिनच्या क्लबातल्या त्या जड बारची आठवण मात्र होते. काल कोलमडलेल्या माणसाला आज उठावं लागतं, कारण नावेत आणखी तिघं बसलेले असतात.

एकजुटीचे साइड इफेक्ट

प्रत्येक औषधाला दुष्परिणाम असतात, तसे यालाही आहेत. २००५ मध्ये जेम्स हार्डी, मार्क आइस आणि कॅरन यांनी खेळाडूंनाच विचारलं, की फार एकजुटीचे तोटे असतात का? निम्म्याहून अधिक खेळाडूंनी स्नेहाच्या एकजुटीचे तोटे सांगितले : गप्पांत वेळ जातो, मित्राला चूक दाखवता येत नाही, गटाबाहेरचा एकटा पडतो. कामाच्या एकजुटीचे तोटे सांगणारे त्याहून कमी होते, जवळपास एक तृतीयांश.

डॉक्टर म्हणून मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. 'टीमला माझी गरज आहे' या भावनेपोटी मुलं दुखापत लपवतात. गुडघा सुजलेला असताना खेळतात. डोक्याला मार लागून गरगरत असतानाही मैदान सोडत नाहीत. पालकांनो आणि प्रशिक्षकांनो, दुखापत सांगणारा खेळाडू संघाशी बेइमानी करत नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. डोक्याला मार लागल्यावर गरगरणं, उलटी, गोंधळल्यासारखं वागणं किंवा क्षणभर शुद्ध जाणं यातलं काहीही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच डॉक्टरांकडे.

मग तुम्ही काय कराल?

दीडशे वर्षांच्या या शोधाचं सार मी एका प्रश्नात सांगेन : तुम्ही आज आला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल का? ज्या गटात याचं उत्तर 'हो' असतं, तो गट दोराचा नसून नावेचा असतो.

१. गट लहान निवडा. पन्नास जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज सुविचार येतील, पण तुम्ही चाललात की नाही हे कोणी विचारणार नाही. तिघं-चौघं पुरेत.

२. सोबती थोडा सरस शोधा. तुमच्यापेक्षा जरा जास्त चालणारा. पण हृदयविकार, दमा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. ईर्ष्येने छातीत दुखेपर्यंत चालू नका.

३. प्रत्येकाला वाटा द्या. एकाने वेळ पाळायची, एकाने रस्ता ठरवायचा, एकाने न आलेल्याला फोन करायचा. ज्याचं काम ठरलेलं असतं, तो सहसा टळत नाही.

४. सगळ्यांशी पटलंच पाहिजे असा हट्ट नको. राजकारणावर मतभेद असू द्या. सहा वाजता कट्ट्यावर भेटायचं, यावर एकमत असलं की झालं.

५. मुलांना विचारताना प्रश्न बदला. "जिंकलात का?" याऐवजी "आज तुझं काम काय होतं, आणि ते कसं झालं?" असं विचारा. राखीव खेळाडूच्या पालकांनी तर नक्कीच. ज्या मुलाला संघात आपला काहीच उपयोग नाही असं वाटतं, ते खेळ सोडण्याची शक्यता जास्त.

६. कोणी अचानक यायचं बंद झालं तर विचारपूस करा. विशेषतः निवृत्त झालेले, जोडीदार गमावलेले, नव्या गावात मुलाकडे राहायला आलेले. उदासीची सुरुवात अनेकदा अशा गैरहजेरीतूनच दिसते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो आहे. सोबत आणि व्यायाम मनाला आधार देतात, पण नैराश्याच्या आजारावर ते उपचारांची जागा घेत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

आणि आधीपासून गोळ्या चालू असतील, तर चालण्याचा ग्रुप छान जमलाय म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. ग्रुपही चालू ठेवा, गोळ्याही. कमी करायच्या की नाही, हे आपण पुढच्या तपासणीत बसून ठरवू.